वर्ध्याची भावंडं ओळखायची कशी?

मुलाला नोकरी लागली, मुलीचं लग्न ठरलं, घरातल्या कुणाची बदली झाली, की वर्ध्याच्या घरात एक प्रश्न हमखास निघतो: तिथं करमेल का? घरभाडं, शाळा, दवाखाना यांची चौकशी आपण रीतसर करतो. पण ते गाव आपल्या गावासारखं आहे का, याची चौकशी कुणी करत नाही. माझ्या मते ती करायला हवी, आणि नीट करता येते. एकदा का गावांचं सारखेपण ओळखता आलं, की राहायला जायचं गाव निवडताना जसा त्याचा उपयोग होतो, तसाच सुटीत फिरायला कुठं जावं हे ठरवतानाही होतो.

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. वर्धा जिल्हा म्हणजे एकाच तऱ्हेचा मुलूख नाही. आर्वी, आष्टी, कारंजा (घाडगे) हा सातपुड्याकडे चढत जाणारा, संत्र्यांचा आणि गवळाऊ गाईंचा भाग. हिंगणघाट, समुद्रपूर, देवळी ही कपाशीची काळी जमीन. सेलू, केळझर, सिंदी यांचा रोजचा राबता नागपूरकडे. आणि बाहेरच्या जगाला वर्धा म्हणून ठाऊक असतं ते सेवाग्राम. या चारही वर्ध्यांची भावंडं वेगवेगळी आहेत. म्हणून ‘वर्ध्यासारखं गाव कुठलं?’ हे विचारण्याआधी आपण नेमके कुठल्या वर्ध्याचे, हे ठरवा. आर्वीच्या माणसाला पांढुर्ण्यात दोन दिवसांत ओळखीचं वाटेल. हिंगणघाटच्या माणसाला तेच आदिलाबादला वाटेल.

दुसरं म्हणजे, जिल्ह्याच्या हद्दीवर विसंबू नका. वर्धा जिल्हा नागपूर जिल्ह्यातून वेगळा निघाला 1862 साली. तेव्हा त्याचं मुख्य ठाणं पुलगावजवळच्या कवठ्याला होतं. 1866 मध्ये ते पालकवाडीला हलवलं आणि तिथं नवं शहर वसवलं, तेच आजचं वर्धा. पुढच्याच वर्षी रेल्वे नागपूरला पोचली. म्हणजे शहर म्हणून वर्धा रेल्वेच्या वयाचं आहे. त्यामुळे आखीव रस्ते, स्टेशनपासून फुटणारा बाजार, मारवाडी-गुजराती पेढ्या, सरकी आणि रुईच्या गोदामांच्या रांगा, असा तोंडवळा धामणगाव रेल्वेला दिसतो, पुलगावला दिसतो. पवनारचं तसं नाही. ते किती तरी जुनं. वाकाटकांची राजधानी प्रवरपूर ती हीच, असं महामहोपाध्याय वा. वि. मिराशींचं मत होतं. पवनारचं भावंड शोधायचं तर वाकाटकांच्याच रामटेक-नगरधनला जायला हवं. वर्ध्यापासून हाकेच्या अंतरावर असूनही पवनारचं नातं तिकडचं आहे.

संत्र्याच्या वाटेनं

तळेगाव (श्यामजीपंत) येथून आष्टीकडे वळा आणि तसंच पुढं वरूड, शेंदुरजनाघाट करत पांढुर्ण्याला जा. वाटेत आधी जिल्हा बदलतो, मग राज्य बदलतं, पण बाग बदलत नाही. तीच जंबेरीवर बांधलेली संत्र्याची कलमं, तेच आंबिया आणि मृग बहाराचे हिशेब, बागेचा सौदा करायला आलेले तेच व्यापारी. शेंदुरजनाघाटच्या रोपवाटिकांतून कलमं नेऊन आर्वी-आष्टीच्या शेतकऱ्यांनी बागा उभ्या केल्या आहेत. वरूडला लोक ‘विदर्भाचा कॅलिफोर्निया’ म्हणतात. तेवढंच दाट हिरवेपण कारंजा तालुक्यातल्या काही गावांतही आहे, त्याला कुणी नाव दिलेलं नाही इतकंच.

गवळाऊ गाय हीसुद्धा या मुलखाची खूण मानावी. अंगानं हलकी, पांढरी, चालायला चपळ. कारंजा तालुक्यात हेटीकुंडीला तिच्या पैदाशीचं सरकारी केंद्र आहे आणि तीच गाय छिंदवाड्याच्या बाजूलाही सापडते. गुरांना राज्याची सीमा नसते. चारा, डोंगर आणि पाणी सारखं असेल तिथवर एक जात पसरते. म्हणून अनोळखी गावात गेलात की गोठ्याकडे नजर टाका. गावांच्या सारखेपणाचा यापेक्षा भरवशाचा पुरावा मला तरी ठाऊक नाही.

पांढुर्णा आणि सौंसर मध्य प्रदेशात असूनही तिथं दुकानात, बसमध्ये, घरात मराठी का ऐकू येतं, याचं उत्तर इतिहासात आहे. भोसल्यांचं नागपूरचं राज्य 1854 मध्ये खालसा झालं. पुढं मध्य प्रांत झाला. त्यात वर्धा होता आणि छिंदवाडाही होता, राजधानी नागपूर. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत वर्धा मुंबई राज्यात आला, छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला. पांढुर्णा 2023 मध्ये स्वतंत्र जिल्हा झाला. म्हणजे आजीच्या लहानपणी वर्धा आणि पांढुर्णा ही दोन्ही गावं एकाच प्रांताची होती. सौंसरजवळच्या जामसावळीच्या हनुमानाला वर्धा-नागपूरकडची माणसं आजही जातात, ती परराज्यात चाललो या भावनेनं जात नाहीत.

सारखेपणाच्या आत फरकही असतो, तो डोळसपणे पाहावा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडे तान्हा पोळा असतो. सिंदी रेल्वेला त्या दिवशी अवश्य जा. पोरांच्या हातातल्या चाकाच्या लहानशा नंदीपासून माणसाहून उंच, रंगवलेल्या, झूल घातलेल्या लाकडी नंदीपर्यंत सगळे एका रांगेत उभे राहतात. घरोघरी नंदी नेला की पोरांना बोजारा मिळतो. नेमक्या त्याच दिवशी पांढुर्ण्यात जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यात गोटमार होते. दोन्हीकडून दगड चालतात आणि दरवर्षी माणसं जखमी होतात. पांढुर्ण्याला इतर कुठल्याही दिवशी जा. त्या दिवशी पोराबाळांना घेऊन जाऊ नका, असंच मी स्पष्ट सांगेन. सण एक, तिथी एक, आणि दोन गावांनी तो दोन टोकांना नेला. तिथं सून म्हणून जाणाऱ्या मुलीला हे आधी ठाऊक असलेलं बरं.

जमलं तर आणखी पुढं मुलताईपर्यंत जा. बैतूल जिल्ह्यातल्या या पठारावर तापी उगम पावते आणि पश्चिमेला सुरतेकडे जाते. आपली वर्धा नदीही मुलताईच्याच परिसरात उगम पावते, पण दक्षिणेकडे वळून शेवटी गोदावरीला मिळते. ज्या नदीवरून आपल्या जिल्ह्याचं नाव पडलं, ती जिथं ओढ्याएवढी आहे ते ठिकाण मुलांना दाखवणं माझ्या दृष्टीनं किल्ला दाखवण्याइतकंच मोलाचं आहे.

नदीच्या पलीकडे

पुलगावहून पूल ओलांडला की अमरावती जिल्हा. नुसतं गाडीनं गेलात तर काही बदललं असं वाटणार नाही. पण ही नदी फार जुनी सीमा आहे. अलीकडे नागपूरकर भोसल्यांचा मुलूख, पलीकडे निजामाचं वऱ्हाड, जे 1853 मध्ये इंग्रजांच्या ताब्यात गेलं. 1903 साली वऱ्हाड मध्य प्रांताला जोडलं, तोवर दोन्ही तीरांवर कारभार वेगळा, महसुलाची रीत वेगळी. म्हणून पलीकडच्या तीरावर आपल्याला ‘वऱ्हाडात आलो’ असं म्हणायची सवय आहे. बोलीतला हेल थोडा बदलतो, रश्श्याचा झणका थोडा बदलतो. मात्र भुलाबाईची गाणी दोन्हीकडे आहेत, कोजागिरीपर्यंत रोज खिरापत ओळखण्याचा खेळ दोन्हीकडे आहे, शेतात वांग्याची भाजी आणि रोडगे दोन्हीकडे होतात.

आर्वीकडच्या लोकांनी कौंडण्यपूर नक्की करावं. नदीकाठावरचं हे रुक्मिणीचं माहेर मानलं जातं आणि तिथून पंढरपूरला पालखी जाते. गाव अमरावती जिल्ह्यात, पण आर्वी तालुक्यातल्या माणसाला ते आपलंच. कार्तिकात गर्दी असते. शांतपणे पाहायचं असेल तर ती टाळा.

यवतमाळबद्दल थोडंच सांगतो. कपाशी सारखी, बोली जवळची, पण यवतमाळ डोंगरावर वसलेलं आणि मोठ्या रेल्वेमार्गापासून दूर राहिलेलं. त्यामुळे शहराची चाल निराळी. वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गाचा वर्धा ते कळंब हा टप्पा 2024 मध्ये सुरू झाला आहे. पुढं काय बदलतं ते पाहू.

कापसाची गावं

हिंगणघाटच्या माणसासाठी दोन दिशा आहेत. एक रेल्वेची. 1870 च्या दशकात वर्ध्याहून हिंगणघाटमार्गे वरोऱ्यापर्यंत जो रूळ गेला, तो कापूस आणि कोळशासाठी गेला. हिंगणघाटचा कापूस त्या काळात विलायतेच्या बाजारात नावानं ओळखला जाई. वरोऱ्याला कोळसा निघाला. त्या एका रुळानं ही दोन गावं बांधली गेली आणि आजही बांधलेली आहेत. बाबा आमटे यांचा जन्म हिंगणघाटचा, 1914 चा. त्यांचं काम उभं राहिलं वरोऱ्याला.

दुसरी दिशा राष्ट्रीय महामार्ग 44 ची: जाम, हिंगणघाट, पांढरकवडा आणि पैनगंगा ओलांडून आदिलाबाद. तेलंगणात शिरल्यावर पाट्या तेलुगू होतात, पण रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पऱ्हाटीच असते. आदिलाबादच्या बाजारात मराठीत भाव विचारा, उत्तर मराठीत येईल. नोकरीनिमित्त हैदराबादच्या वाटेवर कुठं राहायची वेळ आली, तर वर्ध्याच्या शेतकरी घरातल्या माणसानं आदिलाबादला नाक मुरडू नये.

कापसाचं गाव ओळखायचं तर डिसेंबर-जानेवारीत सकाळी बाजार समितीच्या आवारात जा. पूर्वी बंड्या लागायच्या, आता ट्रॅक्टर आणि छोटे टेम्पो लागतात. लिलाव सुरू व्हायच्या आधी खरेदीदार गाडीवर चढतो आणि कोपरापर्यंत हात ढिगात खुपसून आतला कापूस बाहेर काढतो, कारण वरचा सुका असला तरी आतला ओला असू शकतो. मुठीत दाबून पाहतो. मग दोन्ही हातांच्या अंगठ्यांत एक पुंजका धरून हळूच ओढतो आणि तुटलेल्या धाग्याची लांबी बघतो. कवडी किती, पाला किती, हेही त्याच नजरेत. शेतकरी गाडीखाली उभा, नजर त्याच्या चेहऱ्यावर. मग भाव बोलला जातो. वर्षभराची मेहनत इतक्या थोड्या वेळात तोलली जाते. हिंगणघाट, वणी, वरोरा, आदिलाबाद, कुठंही उभे राहा, हे दृश्य तेच. ज्या गावात हे रोज घडतं, त्या गावात उधारी, लग्नाचे मुहूर्त, शाळेची फी, सराफाचं दुकान, सगळं कापसाच्या पैशावर चालतं. कापूस हिंगणघाटच्या माणसाला समजावून सांगावा लागत नाही, म्हणून त्याला या गावांत परकेपण वाटत नाही.

सेवाग्रामची नाती

बाहेरून आलेल्या पाहुण्याला सेवाग्राम दाखवताना साबरमतीची तुलना आपोआप होते. ती नीट करावी. गांधीजींनी 12 मार्च 1930 रोजी साबरमती आश्रम सोडला. जमनालाल बजाज यांच्या आग्रहानं ते वर्ध्याला आले, आधी मगनवाडीत राहिले आणि 30 एप्रिल 1936 रोजी शेगावात गेले. बुलढाण्याच्या शेगावशी टपालाचा गोंधळ होऊ लागला, म्हणून 1940 मध्ये गावाचं नाव सेवाग्राम झालं. साबरमतीचा आश्रम मोठ्या गिरणीच्या शहराला लागून, नदीकाठी, पक्क्या बांधणीचा. सेवाग्राम मात्र मुद्दाम खेड्यात: मातीच्या भिंती, बांबू, वर कवेलू. बापूकुटीत शिरताना मान वाकवावी लागते. भिंतीवर मातीतच उठवलेली ताडाची झाडं, चरखा, मोर आहेत. ते मीराबेननी काढलेले. साप मारायचा नाही, पकडून दूर सोडायचा, म्हणून वापरलेला चिमटा आणि पेटीही तिथं जपून ठेवली आहे. साबरमती आधी पाहिलेल्या माणसानं सेवाग्रामला आल्यावर या दोन वास्तूंच्या उभारणीमधली सुमारे वीस वर्षं पाहावीत. माणूस शहराकडून खेड्याकडे कसा गेला, हे त्यातून कळतं.

पण सेवाग्रामचं सर्वांत जवळचं भावंड मला शांतिनिकेतन वाटतं. तिथली माती तांबडी, इथली काळी. तिथं बंगाली, इथं मराठी-हिंदी. नातं आहे ते शिक्षणाचं. ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्यात राष्ट्रीय शिक्षण परिषद भरली, त्यातून नयी तालीम पुढं आली. सेवाग्रामला ती प्रत्यक्षात चालवणारे आर्यनायकम आणि आशादेवी हे दोघे शांतिनिकेतनमधूनच आले होते. दोन्ही ठिकाणी झाडाखाली बसून शिकण्याला मान आहे, दोन्ही ठिकाणी नंतर विद्यापीठ झालं. वर्ध्याचं महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय 1997 चं. शिक्षक मंडळींनी सहल काढायचीच तर या दोन गावांची जोडी करावी. मुलांना ‘काय पाहिलं’ असा निबंध देऊ नये. त्याऐवजी मुलं तिथं हातानं काय करतात ते टिपायला सांगावं.

तिसरं नातं घराजवळचं. दत्तपूरला मनोहर दिवाण यांनी 1936 साली कुष्ठरोग्यांसाठी काम सुरू केलं. वरोऱ्याला बाबा आमट्यांचं आनंदवन पुढच्या दशकाच्या अखेरीस आलं. अमरावतीला शिवाजीराव पटवर्धनांचं तपोवन आहे. सेवाग्राम, पवनारचा आश्रम, दत्तपूर, आनंदवन, तपोवन आणि तुकडोजी महाराजांची मोझरी हा सगळा एका दमात न पाहता दोन फेऱ्यांत पाहावा असा पट्टा आहे. विदर्भात अशी माणसं एकामागून एक का निघाली, हा प्रश्न या फेरीत मनात येतो आणि यायलाच हवा. जाताना एक पथ्य पाळा. ही प्रेक्षणीय स्थळं नाहीत, तिथं माणसं राहतात, काम करतात. फोटो काढण्याआधी विचारा. सेवाग्रामला संध्याकाळच्या प्रार्थनेची वेळ आधी विचारून जा आणि पूर्ण होईपर्यंत बसा. वर्ध्याला परतताना गोरस भांडारातून गोरसपाक घ्या. साबरमतीच्या किंवा शांतिनिकेतनच्या यजमानांसाठी नेण्यासारखी वर्ध्याची याहून चांगली भेट नाही.

न दिसणारं साम्य

आष्टी आणि चिमूर ही जोडी अगदी निराळी. डोळ्यांना दोन्ही गावांत काही सारखं दिसत नाही. आष्टी संत्र्याच्या पट्ट्यात. चिमूर चंद्रपूर जिल्ह्यात, धानाच्या बांध्यांचा, तलावांचा आणि जंगलाचा मुलूख जिथं सुरू होतो तिथं. पण 16 ऑगस्ट 1942 रोजी, नागपंचमीच्या दिवशी, दोन्ही गावं एकाच वेळी इंग्रज सत्तेविरुद्ध उठली. दोन्हीकडे तुकडोजी महाराजांच्या भजनांनी माणसं पेटली होती. गोळीबार झाला, माणसं गेली, पुढं फाशीच्या शिक्षा झाल्या आणि त्या रद्द व्हाव्यात म्हणून देशभर आवाज उठला. चिमूरला पोलीस-लष्करानं केलेल्या अत्याचारांची चौकशी व्हावी म्हणून सेवाग्राम आश्रमाच्या प्रा. भन्साळींनी 63 दिवस उपवास केला. तेव्हापासून ‘आष्टी-चिमूर’ असं एका श्वासात म्हटलं जातं, आणि तालुक्याचं नावच आष्टी (शहीद) झालं. आष्टीच्या शाळांनी चिमूरला आणि चिमूरच्या शाळांनी आष्टीला दरवर्षी मुलं पाठवावीत, असं मला मनापासून वाटतं. एकाच दिवसाचं दुःख वाटून घेतलेल्या गावांतल्या मुलांची एकमेकांशी ओळख नसणं बरं नव्हे.

जायच्या आधी काय करावं

नव्या गावी राहायला जाणार असाल तर पहिली खेप आठवडी बाजाराच्या दिवशी करा. बाजाराचा वार चहाच्या टपरीवरही कळतो. भाजीच्या ढिगात काय आहे, ज्वारी मिळते की तांदूळच सगळीकडे, सकाळी पोह्यावर तर्री पडते का, हे पाहा. मग दोन-तीन म्हाताऱ्या माणसांशी बोला आणि पोळ्याला झडत्या म्हणतात का, भुलाबाई बसवतात का, पहिल्या वेचणीला सीतादही करतात का, ते विचारा. तीनही उत्तरं ‘हो’ आली, तर तुम्ही घरापासून फार लांब आलेला नाही. उत्तर ‘नाही’ आलं तरी गाव वाईट ठरत नाही. फक्त तिथं रुळायला जास्त दिवस लागतील, हे मनाशी ठेवा आणि घरातल्या मुलांनाही तसं सांगा.

हंगाम पाहून निघा. संत्र्याच्या वाटेला नोव्हेंबर चांगला, आंबिया बहाराची फळं तेव्हा झाडावर असतात. कापसाच्या गावांना डिसेंबर-जानेवारी. आश्रमांच्या फेरीला पाऊस सरता सरता जा, पवनारला धाम नदी तेव्हा भरलेली असते. एप्रिल-मेमध्ये यातलं कुठलंच गाव दुपारी पाहण्यासारखं नसतं, लहान मुलं आणि वृद्ध सोबत असतील तर उन्हाळा वर्ज्यच माना.

आणि सगळ्यांत आधी घरातल्या सर्वांत वयस्कर माणसापाशी बसा. आपल्या घराण्याची सोयरीक कुठवर आहे, ते विचारा. आत्या कुठं दिली, काकूचं माहेर कुठलं, पणजी कुठून आली, मामेसासरे कुठले, असं एकेक गाव कागदावर उतरवा. पूर्वीच्या माणसांनी लेक देताना गाव पारखून घेतलं होतं: पाणी, पीक, बोली, सण, खाणं, सगळं. तुमच्या गावाच्या भावंडांची यादी त्या कागदावर तयार मिळेल. त्यातलं सर्वांत लांबचं गाव निवडा, तिथल्या नातेवाइकांना फोन करा, आणि येत्या सुटीची पहिली खेप तिथं ठरवा.